बसथांब्यावरचा आशीर्वाद

मराठीत आशीर्वाद मागावा लागतो. आधी वाकायचं, पायाला हात लावायचा, मग वरून कुणीतरी 'आयुष्यमान हो', 'मोठा हो' म्हणणार. लग्नपत्रिकेच्या तळाशीही 'आपले आशीर्वाद हाच आहेर' अशी मागणी छापलेली असते. जो वाकलेलाच नाही, ज्यानं काही मागितलंच नाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवायला कुणी गेलं तर आपण त्याच्याकडे जरा संशयानंच बघू.

मॅरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेच्या 'गिलिअड' या कादंबरीच्या अखेरीस नेमकं हेच घडतं. एक म्हातारा पाद्री बसची वाट बघत बाकावर बसलेल्या चाळिशीतल्या माणसाला म्हणतो की मला तुला आशीर्वाद द्यायची इच्छा आहे. समोरचा गोंधळतो. त्यासाठी काय काय करावं लागेल, असं विचारतो. एखाद्या फॉर्मसोबत कोणती कागदपत्रं लागतील हे विचारावं, तशा सुरात. कपाळावर हात ठेवून देवाकडे तुझ्यासाठी संरक्षण मागेन, एवढंच, असं म्हातारा सांगतो. रस्त्यावर थोडी माणसं आहेत, तुला लाज वाटणार असेल तर राहू दे, असंही म्हणतो. तो माणूस टोपी काढतो, गुडघ्यावर ठेवतो, डोळे मिटतो आणि डोकं खाली करतो.

शेवट आधीच सांगून टाकला म्हणून चिडू नका. या कादंबरीत 'पुढे काय होणार' असं फारसं नाही. २००४ साली ती आली, २००५ चं पुलित्झर तिला मिळालं. बराक ओबामा अध्यक्ष असताना त्यांनी स्वतः लेखिकेशी दीर्घ गप्पा मारल्या, आणि त्यानंतर ती बऱ्याच जणांच्या 'वाचायच्या यादीत' जाऊन बसली. तिथेच बसून राहिली, कारण पहिली साठ पानं अनेकांना जड जातात. १९५६ सालच्या आयोवा राज्यातल्या एका धुळकट गावात जॉन एम्स नावाचा पाद्री आपल्या सात वर्षांच्या मुलाला पत्र लिहितो आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, हृदय थकलेलं. मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसणार हे त्याला माहीत आहे. म्हणून आजोबांच्या गोष्टी, प्रवचनांबद्दलच्या शंका, झाडावरून अंगावर सांडलेलं पावसाचं पाणी, असं सुचेल ते तो लिहीत जातो. प्रकरणं नाहीत. रील बघण्याच्या वेगानं ही कादंबरी वाचता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

गिलिअड हे नाव मराठी बायबलमध्ये 'गिलाद' असं येतं. यिर्मया संदेष्टा जिथल्या औषधी मलमाबद्दल विचारतो, तेच. एम्सचं चर्च काँग्रिगेशनल पंथाचं आहे आणि हा पंथ मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. १८१३ साली मुंबईत आलेलं आणि पुढे अहमदनगरला रुजलेलं अमेरिकन मराठी मिशन मुख्यतः याच पंथाच्या लोकांनी उभं केलं होतं. १८४२ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' त्यांचंच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी पुढची बरीच वर्षं याच मिशनबरोबर काम केलं. म्हणजे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला एम्सच्या घरातलं वातावरण, पुस्तकांनी भरलेलं आणि पैशांनी रिकामं, फार अनोळखी वाटू नये.

आता मांजरांबद्दल. लहानपणी एम्स आणि त्याच्यासारखीच पाद्र्यांची, भाविकांची पोरं मांजरीच्या पिलांना बाप्तिस्मा देतात. कपाळावर पाणी, तोंडानं मंत्र, सगळं साग्रसंगीत. पुढे त्याला प्रश्न पडतो की विश्वाच्या हिशेबात मांजराला बाप्तिस्मा दिल्यानं नेमकं काय होतं? वडिलांना विचारतो, तर संस्कारांचा मान राखावा असं कोरडं उत्तर मिळतं. पण सत्तर वर्षांनंतरही एम्सच्या तळहाताला त्या इवल्या उबदार कपाळांचा स्पर्श आठवतो. त्यावरून तो जे म्हणतो, तो या कादंबरीचा कणा आहे असं मला वाटतं. आशीर्वादानं एखादी गोष्ट पवित्र होत नाही. ती मुळातच पवित्र आहे, हे आशीर्वाद देणारा मान्य करतो. मांजराला कुरवाळणं वेगळं आणि आशीर्वाद देण्यासाठी हात लावणं वेगळं. दुसऱ्यात समोरचा जीव किती गूढ आणि किती खरा आहे हे जाणवतं आणि त्याच क्षणी आपणही तितकेच खरे असल्याचं जाणवतं. यासाठी पाद्री असण्याची गरज नाही, असंही एम्स म्हणतो. पाद्र्याला फक्त तशी संधी जास्त वेळा येते.

हे ऐकायला गोड आहे. गोड म्हणूनच थोडं तपासून घ्यायला हवं, कारण आशीर्वाद ही सध्याची सर्वांत स्वस्त वस्तू आहे. वाढदिवसाच्या संदेशाखाली 'गॉड ब्लेस यू', नव्या गाडीच्या फोटोखाली 'ब्लेस्ड', सकाळच्या फॉरवर्डमध्ये फुलं आणि शुभाशीर्वाद. बोलणाऱ्याला काही पडत नाही, ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. एम्सचा आशीर्वाद यापेक्षा वेगळा आहे का? असेल तर कशामुळे?

शब्दांपासून बघू. बायबलच्या जुन्या करारात आशीर्वादासाठी 'बाराख' हे हिब्रू क्रियापद आहे. गुडघ्यासाठीचा हिब्रू शब्दही याच तीन व्यंजनांचा. मजा अशी की देव माणसाला 'बाराख' करतो, माणूस माणसाला करतो आणि माणूस देवालाही तेच करतो. मराठी भाषांतरकारांना हे झेपण्यासारखं नव्हतं. माणूस देवाला आशीर्वाद कसा देणार? म्हणून मराठी बायबलमध्ये एकाच क्रियापदाचे दोन तुकडे झाले. वरून खाली येतो तो 'आशीर्वाद' आणि खालून वर जातो तो 'धन्यवाद'. १०३ वं स्तोत्र उघडून बघा, दावीद आपल्या जिवाला देवाचा धन्यवाद करायला सांगतो. मूळ हिब्रूत तिथेही बाराखच आहे. आपल्या भाषेला चढ-उतार कळतात, तोच शब्द दोन्ही दिशांना जाऊ शकतो हे तिला पटत नाही. नव्या कराराची ग्रीक भाषा आणखी साधी आहे. तिथल्या शब्दाचा अर्थ सरळ 'चांगलं बोलणं' असा होतो.

बायबलमधल्या कथांतही आशीर्वाद बहुतेकदा वरून खालीच येतो आणि त्यात हिसकाहिसकी फार. याकोब आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद पळवतो. एसाव परत येतो तेव्हा बापाकडे दुसरा आशीर्वाद उरलेला नसतो आणि तो ओक्साबोक्शी रडतो. तोच याकोब पुढे एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजतो आणि आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणून अडून बसतो. इब्री लोकांस पत्र तर स्पष्टच सांगतं की थोराकडून धाकट्याला आशीर्वाद मिळतो, यात वाद नाही. आपल्या नमस्काराचा आराखडाही हाच. गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या तेर्सानंतर मुलं मोठ्यांकडे 'बेसांव' मागतात. शब्द पोर्तुगीजमधून आला, धर्म बदलला, पण मागायचं धाकट्यानं आणि द्यायचं थोरल्यानं हा क्रम जागच्या जागी राहिला.

या सगळ्याला छेद देणारी एक ओळ नव्या करारात पुन्हा पुन्हा येते. येशू म्हणतो, जे तुम्हाला शाप देतात त्यांचं भलं चिंता. पौल रोमच्या मंडळीला तेच लिहितो, पेत्राच्या पत्रातही तेच. यात आशीर्वाद घेणारा वाकलेला नाही. उलट त्यानं दगड उचललेला आहे. त्याला आशीर्वाद नकोच आहे. तरीही द्यायचा, आणि रोजच्या रोज द्यायचा. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यात आशीर्वाद हा अवघड विषय होतो तो इथे. भाचीच्या डोक्यावर हात ठेवणं कुणालाही जमतं. ज्याच्याबद्दल मनात वर्षानुवर्षं अढी आहे, त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं, तेही देवासमोर, म्हणजे खोटं न बोलता, हे कसं करायचं?

रॉबिन्सननं एम्ससमोर नेमका असा माणूस उभा केला आहे. त्याचं नाव जॅक. एम्सचा जिवाभावाचा मित्र बाउटन, तोही पाद्री, प्रेस्बिटेरियन. एम्सची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि घर कित्येक वर्षं रिकामं राहिलं. भरल्या घरातल्या बाउटननं आपल्या एका मुलाला मित्राचंच नाव दिलं, जॉन एम्स बाउटन. तोच हा जॅक. पण हे नाव आधी न सांगता बाप्तिस्म्याच्या क्षणी जाहीर केलं आणि बाप्तिस्मा देणारा एम्सच होता. हातात दुसऱ्याचं बाळ, त्याला आपलं नाव, आणि आपलं स्वतःचं मूल मातीत. एम्सचं मन त्या क्षणी थंड पडलं. त्या बाळाला ते कळलं असेल का, आपण त्याला खरा बाप्तिस्मा दिलाच नाही का, हा सल त्याला आयुष्यभर आहे.

जॅक मोठा झाला तो गावाला नकोसा होत. चोऱ्या, खोड्या, मग एका गरीब मुलीला दिवस गेले आणि तो निघून गेला. ते मूल लहानपणीच पायाच्या जखमेतल्या संसर्गानं गेलं. वीस वर्षांनी जॅक परत येतो तेव्हा एम्सला त्याची भीती वाटते. आपण मेल्यावर हा आपल्या तरुण बायकोच्या, मुलाच्या जवळ जाईल, ही ती भीती. पत्रातली अनेक पानं या संशयानं काळवंडली आहेत. क्षमेवर आयुष्यभर प्रवचनं दिलेला माणूस मत्सरात बुडालेला आहे आणि त्याला ते दिसतंही आहे. या पानांमुळेच मला 'गिलिअड' निव्वळ गोड पुस्तक वाटत नाही.

मग जॅक आपलं गुपित सांगतो. त्याची बायको डेला कृष्णवर्णीय आहे आणि त्यांना एक मुलगा आहे. मिझुरी राज्याच्या कायद्यानं त्यांचं लग्न लग्नच नाही. असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले ते १९६७ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या काळानंतर अकरा वर्षांनी. आयोवात मात्र १८५१ पासून तशी बंदी नव्हती. जॅक गावात आलाय तो हे चाचपायला की इथे आपण तिघं राहू शकू का. गिलिअड हे एके काळी गुलामगिरीविरोधी लढ्याचं गाव. एम्सचा आजोबा कंबरेला पिस्तूल लावून प्रवचन द्यायचा, जॉन ब्राउनच्या लोकांना आसरा द्यायचा. (आयोवातल्या टेबर या खऱ्या गावावरून लेखिकेनं हे बेतलं आहे.) अशा गावातच माणसाला जागा मिळू नये तर कुठे?

इथे एम्स कमी पडतो. जॅकला जे हवंय ते एक वाक्य आहे: त्यांना घेऊन ये, माझ्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसव. ते वाक्य एम्सच्या तोंडून येत नाही. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चला बऱ्याच वर्षांपूर्वी आग लागली, पुढे ती कुटुंबं गाव सोडून गेली. आग तशी किरकोळच होती, अशी एम्सची आठवण आहे. आजोबाला देवाचे दृष्टान्त व्हायचे, नातवाला जळालेलं चर्च नीट आठवत नाही. रॉबिन्सननं यावर एम्सला कुठे झोडपलेलं नाही, नुसतं त्याच्याच हस्ताक्षरात लिहून ठेवलंय. एम्सच्या आवाजाच्या प्रेमात पडलेले अनेक समीक्षक हे ओलांडून पुढे गेले.

म्हणजे हिशेब असा: जॅक घर मागायला आला, त्याला आशीर्वाद मिळाला. आपल्याकडेही हे चलन खूप वापरात आहे. पोरीनं जातीबाहेर लग्न ठरवलं की घरातलं एखादं समंजस माणूस म्हणतं, आमचे आशीर्वाद आहेत, पण कार्यक्रम गावात नको. आशीर्वाद ही तेव्हा दार लावून घेण्याची सभ्य पद्धत असते. ख्रिस्ती घरंही यातून सुटलेली नाहीत. जात चर्चच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवली जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ख्रिस्ती विवाहविषयक जाहिराती वाचाव्यात.

तरीही बसथांब्यावरच्या प्रसंगाला मी ढोंग म्हणणार नाही, आणि त्याचं कारण त्या प्रसंगातच आहे. एम्स आधी गणना या पुस्तकातला, याजकांना नेमून दिलेला आशीर्वाद म्हणतो. संरक्षण, प्रसन्न मुख आणि शांती मागणाऱ्या त्या तीन ओळी फार जुन्या आहेत. १९७९ साली जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या, ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. बायबलच्या मजकुराचा आज हाती असलेला सर्वांत जुना पुरावा त्यांनाच मानतात. लोक तो आशीर्वाद अंगावर बांधत, आणि मेल्यावर सोबत नेत.

त्या ओळी संपतात तरी जॅक डोळे उघडत नाही. अजून काही हवं असल्यासारखा तो तसाच बसून राहतो. तेव्हा एम्स स्वतःचे शब्द जोडतो. त्याला पूर्ण नावानं हाक मारतो, ज्या नावानं एकेकाळी त्याचं मन थंड पडलं होतं त्याच. आणि देवासमोर त्याला मुलगा म्हणतो, भाऊ म्हणतो, नवरा म्हणतो, बाप म्हणतो.

'नवरा' या शब्दापाशी थांबा. १९५६ सालचं मिझुरी राज्य जॅकला डेलाचा नवरा मानत नाही. त्याच्या स्वतःच्या बापाला डेलाचं अस्तित्वच माहीत नाही. या साऱ्या जगात एक पाद्री, भर रस्त्यात, कपाळावर हात ठेवून, त्याला नवरा म्हणतो. ग्रीक शब्दाचा तो 'चांगलं बोलणं' हा अर्थ इथे पूर्ण उतरतो. एम्स जॅकची स्तुती करत नाही. त्याच्याबद्दल जे खरं आहे आणि जे सगळे नाकारतात, ते तो देवासमोर मोठ्यानं बोलतो. बाप्तिस्म्याच्या वेळी अडलेलं बोलणं चाळीसेक वर्षांनी पुरं होतं. एम्सला यासाठी स्वतःचा मत्सर खाली ठेवावा लागला आहे, त्यामुळे हा आशीर्वाद फुकटातला नाही.

आणि लेखिका तेवढ्यावर त्याला सुटू देत नाही. डोळे उघडल्यावर जॅक जे आभार मानतो, त्या सुरावरून एम्सला शंका येते की आपण उच्चारलेली नाती त्यानं गमावलेल्या गोष्टींची यादी म्हणून तर ऐकली नाहीत? मुलगा, भाऊ, नवरा, बाप: यातलं आता मी काहीच नाही, असं? देणाऱ्याचा अर्थ एक, घेणाऱ्याच्या कानात पडलेला दुसरा. बस येते. एम्स म्हणतो की या एका क्षणासाठी धर्मशिक्षण, दीक्षा आणि इतक्या वर्षांचं पाद्रीपण सगळं वसूल झालं. मला हे वाक्य खरंही वाटतं आणि किंचित राग आणणारंही, कारण वसूल झालं ते त्याचं. जॅकच्या हातात बसचं तिकीट आहे.

रॉबिन्सनला स्वतःलाही हे खटकलं असावं, असा माझा तर्क आहे. कारण २००८ मध्ये तिनं 'होम' लिहिली. तेच गाव, तोच काळ, पण या वेळी आपण बाउटनच्या घरात, जॅकची बहीण ग्लोरी हिच्या नजरेतून सारं बघतो. बसथांबा त्यात दिसत नाही, कारण ग्लोरी तिथे नव्हती. दिसतो तो निघण्याआधीचा निरोप. जॅक बापापुढे हात करतो. बाउटन, ज्यानं या मुलासाठी आयुष्यभर प्रार्थना केली, तो आपला हात मांडीवर ओढून घेतो आणि तोंड फिरवतो. थकलोय मी या सगळ्याला, एवढंच म्हणतो. इसहाकाकडे एसावसाठी दुसरा आशीर्वाद नव्हता. बाउटनकडे हाच एक होता आणि तो ऐनवेळी देता आला नाही. 'गिलिअड' वाचून थांबलेल्या वाचकाला हे माहीतच नसतं. मी तर म्हणेन 'होम' वाचल्याशिवाय 'गिलिअड'बद्दल मत बनवू नये. 'होम' अधिक कठोर आहे आणि माझ्या मते अधिक चांगली कादंबरी आहे.

पुढे 'लायला' (२०१४) आली, एम्सच्या तरुण बायकोची गोष्ट. रस्त्यावर वाढलेली ही बाई बाप्तिस्मा घेते आणि नंतर नदीवर जाऊन तो धुऊन काढायचा प्रयत्न करते, कारण जिनं तिला वाढवलं ती बाप्तिस्मा न घेतलेली बाई स्वर्गात नसेल, तर हिला तो नको आहे. मग आली 'जॅक' (२०२०), जॅक आणि डेलाच्या प्रेमाची. चारही पुस्तकं वेगवेगळ्या बाजूंनी तोच प्रश्न विचारतात: आशीर्वाद द्यायचा अधिकार कुणाला, आणि तो नाकारता येतो का? आपल्याकडे या चौकडीची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही. इंग्रजी सोपं आहे, धर्मशास्त्राचे संदर्भ आडवे येतात ते सोडून वाचता येतात.

बसथांब्यानंतर एम्स मित्राच्या खाटेपाशी जातो. बाउटन झोपलेला असतो. एम्स त्याला सांगतो की तुझ्या पोराला मी तुझ्या वतीनं आशीर्वाद दिला, त्याच्या कपाळाचा भार अजून माझ्या हाताला जाणवतोय. बाउटनला त्यातलं काहीही ऐकू जात नाही. आणि 'होम'मध्ये, जॅक गेल्यावर दोन दिवसांनी, घरासमोर एक गाडी थांबते. गाडीत कृष्णवर्णीय बाई असते आणि एक लहान मुलगा. ती ग्लोरीला विचारते, जॅक आहे का घरी?